एकमताची पेटी

१

पेटीतली शेवटची चिठ्ठी उलगडून झाली, तेव्हा राजसी टिपणीसच्या लक्षात आलं की आपलं मत चोरीला गेलं आहे.

प्रत्येक चिठ्ठीवर दोन गोल छापलेले होते. एकाखाली ‘हवी’, दुसऱ्याखाली ‘नको’. टेबलावरच्या झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवर फुली ‘हवी’च्या गोलात होती. म्हणजे एकमताने फाशी. आणि राजसीने तर नुकतंच भरल्या हॉलसमोर ‘नको’च्या बाजूने घसा फोडून भाषण केलं होतं आणि खाली उतरून स्वतःच्या हाताने ‘नको’वर फुली मारली होती. उल्हासनगरच्या कोर्टात ती चेक न वटल्याचे दावे चालवायची, तिथे अशिलं तिला अधूनमधून गंडवायची, हे खरं. पण स्वतःच्याच विरुद्ध मत टाकण्याइतकी ती अजून गोंधळलेली नव्हती.

“एकमत!” पुष्कर देसले ओरडला. “जबरदस्त! सॉरी हां मॅडम, पण पब्लिकने तुम्हाला पार धुतलं.”

पुष्कर हा बदलापूरच्या कात्रप भागाचा होऊ घातलेला नगरसेवक. दोन निवडणुका झाल्या, तो अजून होऊच घातलेला होता. बदलापूर-अंबरनाथभर ‘स्वप्नालीला न्याय द्या, नराधमाला फाशी द्या’ असे जे बॅनर लटकत होते, ते त्याचे. स्वप्नाली भालेराव मोरिवलीची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दोन वर्षांपूर्वी, तिच्या मागे लागलेल्या कमलेश नावाच्या टेम्पोवाल्याने तिला भर रस्त्यात भोसकून मारलं. कल्याणच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं होतं. आता फक्त शिक्षा सांगायची राहिली होती, फाशी की जन्मठेप.

त्याच मुद्द्यावर आज, रविवारी दुपारी, कात्रपच्या विचारवेध मंडळाने वादसभा ठेवली होती. कल्पना मंडळाचे चिटणीस अण्णा पुसाळकर यांची. भाषणांआधी एकदा मत घ्यायचं, भाषणांनंतर पुन्हा घ्यायचं, आणि बोलण्याने माणसाचं मत बदलतं का ते एकदाचं मोजून बघायचं. फाशीच्या बाजूने स्वतः अण्णा, विरुद्ध राजसी. आधीच्या मतदानात ‘हवी’च्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता, पण चिमूटभर का होईना, ‘नको’ही निघाल्या होत्या. आता तेवढ्याही नव्हत्या.

पुष्करने शटरकडे बोट दाखवलं. तीन गाळे एकत्र करून केलेला तो हॉल. चहानंतर श्रोत्यांना बाहेर थांबवून शटर पूर्ण खाली ओढलं होतं, आणि त्यावर आता बाहेरून थापा पडत होत्या. “फाशी! फाशी!” मागचं दार मंडळाने कधीच विटांनी बुजवून टाकलं होतं, चोरी होते म्हणून. वर दोन पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते.

“निकाल सांगतो आणि सम्यकचं डिक्लेअर करतो,” पुष्कर म्हणाला. “उद्या सकाळी प्रांत कचेरीसमोर आमरण उपोषण. फाशी जाहीर होईपर्यंत. मांडव बुक केलाय.”

सम्यक, स्वप्नालीचा धाकटा भाऊ, पुढच्या रांगेत वडील आणि आजीच्या मधे बसला होता. पोरगा काडीसारखा झाला होता. गेल्या वर्षीच्या उपोषणात तो सलाइनवर गेला होता आणि पुन्हा उपाशी राहिलास तर किडनीची खात्री देणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. हे सगळ्या हॉलला माहीत होतं. आणि तरी तो मान खाली घालून “हो” म्हणाला.

राजसी उठून टेबलाशी गेली.

“थांबा,” ती म्हणाली. “माझी चिठ्ठी कुठे आहे?”

२

कुणालाच काही कळेना. मग मनाली रोकडेला कळलं. ती शाळेत शिकवायची, स्वप्नालीची मैत्रीण, आणि आज सभेची अध्यक्ष. तिने स्वतः मत दिलं नव्हतं, अध्यक्षाने देऊ नये म्हणून. पेटीची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती.

“राजसीताई, तुम्ही नको लिहिलं होतं?”

“मग काय, अण्णांच्या भाषणाने पाघळले असेन मी?”

“अहो, एक चिठ्ठी इकडे तिकडे झाली असेल,” पुष्कर म्हणाला. “पब्लिक तापलंय बाहेर. खोला शटर.”

“खोललंत तर मी बाहेर येऊन सांगेन की मतदान खोटं आहे. त्यांचे मोबाइल चालूच आहेत. तुम्हाला चालेल?”

पुष्करने दात आवळले. तो शटरपाशी गेला, पत्र्याला तोंड लावून ओरडला, “मोजणी चालू आहे रे! पाच मिनिटं!” आणि परत येऊन म्हणाला, “चहा गार होईपर्यंत देतो तुम्हाला. नंतर मी खोलणार.”

पेटीजवळ बाहेरचं कुणी फिरकलं नव्हतं. म्हणजे चोर आतच होता, आणि राजसी त्याच्याबरोबर आत अडकली होती. अंगाला ब्लाउज चिकटला होता. तिला वकिलीत सतरा वर्षं झाली होती, पण खुनाबिनाची केस एकही नाही. चेकवर सही कुणाची, एवढाच काय तो तिच्या आयुष्यातला गूढ प्रश्न.

मतदान झाल्यावर पेटी आतल्या कपाटाच्या खोलीत ठेवली होती आणि लोकांना चहाला बाहेर सोडलं होतं. त्या खोलीत कोण कोण गेलं? राजसीने सरळ विचारलं. पुष्कर मोबाइल चार्जिंगला लावायला गेला होता. स्वप्नालीचे वडील प्रमोदराव रक्तदाबाची गोळी घ्यायला गेले होते, पाण्याचा माठ तिथेच होता. अण्णा भाषणाचे कागद ठेवायला गेले होते. मनाली कागदी कपांची पाकिटं आणायला. सम्यक आणि आजी जनाबाई खुर्चीवरून हललेच नव्हते.

“तुम्हाला माझ्यावर डाऊट आहे ना?” पुष्कर म्हणाला. “असणारच. बोला.”

“तुमचा फायदा आहे. एकमताचा बॅनर छान दिसेल.”

पुष्कर हसला. त्या हसण्यात पहिल्यांदा थोडा प्रामाणिकपणा होता. “मॅडम, खरं सांगू? मी केलं असतं ना, तर तुमची पंधरा-वीस मतं तशीच सोडली असती. शंभर टक्के निकाल कोण लावतं? येडा लावतो. तुम्ही स्टेजवरून नको नको म्हणून ओरडताय, नि पेटीत एक पण नको नाही? हे शेंबड्या पोराला पटेल का? मला धंदा शिकवू नका.”

माणूस कितीही बेरका असो, आपल्या धंद्याबद्दल तो खरंच बोलतो. मग असा वेडा निकाल लावला कुणी? ज्याला निकालाची पर्वाच नव्हती, अशाने?

३

तिने पेटी जवळ ओढली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, वर फट, पुढे कुलूप. पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सूचना पेटी’ लिहिलेलं होतं. मोरिवलीजवळच्या ज्या कारखान्यात अण्णा कार्मिक अधिकारी होते, तो बंद पडला तेव्हा लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. अण्णांनी ही पेटी आणली.

कुलूप शाबूत होतं. राजसीने पेटी उलटी फिरवली. मागे बिजागरी होती. बिजागरीचा सगळा पत्रा गंजलेला, पण आरपार गेलेला खिळा मात्र एका टोकाला चकचकीत दिसत होता. तिने तो नखाने ढकलला. तो सरकला. ओढला, तर निघूनच आला, आणि झाकण कुलपासकट मागून उघडलं.

मनालीचा चेहरा पडला. “अगं बाई! म्हणजे किल्ली माझ्याकडे असून उपयोग काय?”

“उपयोग आहे,” राजसी म्हणाली. “तू सुटलीस. जिच्या गळ्यात किल्ली आहे ती खिळे कशाला उपटेल?”

शटरवर एक मोठा धक्का बसला. पत्रा थरथरला. जनाबाईंनी कानांवर हात ठेवले.

“वकीलबाई,” प्रमोदराव हळूच म्हणाले. बसल्या जागी त्यांनी हात जोडले होते. “जाऊ द्या ना. एक चिठ्ठी गेली तर गेली. तुम्हाला त्रास, पोराला त्रास. हवी आली ना? बास झालं.”

“पप्पा बरोबर बोलतायत, मॅडम,” सम्यक म्हणाला. “सोडा.”

राजसीला तेव्हा आठवलं. ‘एकमत’ हा शब्द पुष्करच्या तोंडून निघाला, तेव्हा या दोघांनीही एकदम मान वर केली होती. बाप आणि मुलगा, दोघांनीही. आणि लगेच दोघांनी दोन दिशांना पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, आनंदाने चमकले असतील. पण आनंद झालेली माणसं एकमेकांकडे बघतात.

ती पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळली. बदललेल्या होत्या का? तिने चाळून पाहिल्या. घड्या नाना तऱ्हेच्या. कुणी चौकोनी, कुणी सुरळी, एकीवर हळदीचं बोट. फुल्या निळ्या शाईच्या, काळ्या शाईच्या, एक तर चक्क लिपस्टिकची. एवढं सोंग चहाच्या वेळात कुणालाही आणता आलं नसतं. चिठ्ठ्या खऱ्या होत्या.

मग तिचं लक्ष बाजूच्या बंडलांकडे गेलं. पहिल्या मतदानाच्या चिठ्ठ्या अण्णांनी रंगांप्रमाणे वेगळ्या करून रबर लावून ठेवल्या होत्या. पुरुषांच्या पांढऱ्या, बायकांच्या पिवळ्या, पंचविशीच्या आतल्यांच्या हिरव्या. बंडलं जाडजूड होती. आणि दुसऱ्या मतदानाचा हा ढीग? तिने दोन्ही तळहातांत सगळा ढीग उचलला. तो मावला.

कुणी काही घातलं नव्हतं. काढलं होतं. पेटीतल्या सगळ्या ‘नको’ काढून घेतल्या होत्या, आणि ढीग निम्म्याहून कमी उरला होता.

राजसीला क्षणभर उभ्याउभ्या नाचावंसं वाटलं. म्हणजे ती जिंकली होती! आकडेवारी, दाखले, कमिशनांचे अहवाल, ज्यांचं पाठांतर तिने आठवडाभर भाकऱ्या करपवत केलं होतं, त्यांनी अर्धा हॉल फिरवला होता. माणूस बुद्धिवादी असला तरी टाळ्यांचा भुकेला असतोच, आणि राजसी तर बऱ्यापैकी उपाशी होती.

मग तिला हिरव्या चिठ्ठ्या दिसल्या. पहिल्या बंडलात केवढ्या, आणि ढिगात जेमतेम मूठभर. हिरव्या म्हणजे तरुण पोरं. म्हणजे जी आत्ता बाहेर शटर बडवत होती, तीच. त्यातल्या कितीजणांनी चिठ्ठीवर ‘नको’ लिहून बाहेर जाऊन ‘फाशी’ म्हणून बोंब ठोकली होती?

तिचा आनंद तिथेच विझला.

४

“मनाली, या निळ्या कुणाच्या?”

पहिल्या बंडलांच्या शेजारी रबर लावलेल्या तीन निळ्या चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर ‘हवी’.

“त्या घरच्यांच्या,” मनाली म्हणाली. “प्रमोदकाका, आजी नि सम्यक. अण्णांनीच पुढच्या रांगेत जाऊन दिल्या. मी म्हटलं, यांना वेगळा रंग कशाला? तर म्हणाले, त्यांचा मान आहे. शिवाय अहवालात वेगळं दाखवता येईल.”

राजसीने ढीग पुन्हा पसरला. पांढरी, पिवळी, पांढरी, हिरवी. एक निळी. ‘हवी’. तिने सगळा ढीग दोनदा पालथा घातला. निळी एकच होती.

ती टेबलाला टेकून उभी राहिली आणि मनातल्या मनात कोर्टातल्यासारखा मुद्दा मांडत गेली. चोराला निकाल फिरवायचा नव्हता. त्याला निळा रंग लपवायचा होता. फक्त निळ्या काढल्या असत्या तर दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या मोजताना तिघांतल्या दोन कमी भरल्या असत्या, आणि घरचे कुठे गेले म्हणून बोभाटा झाला असता. म्हणून त्याने ‘नको’ सगळ्याच काढल्या. बाहेरच्या गर्दीला हवा तो निकाल मिळाला की कोण कशाला मोजतंय?

पण एक माणूस मोजणारा होता. तो माणूस सगळंच मोजायचा. आज सकाळपासून त्याने खुर्च्या मोजल्या होत्या, समोसे मोजले होते, पंख्याची पाती मोजायची तेवढी राहिली होती. पहिल्या मतदानाच्या चिठ्ठ्या त्याने तीन वेळा मोजून, थुंकी लावून, पुन्हा मोजल्या होत्या. आणि दुसऱ्या मतदानाच्या वेळी? चिठ्ठ्या उलगडून झाल्या नि तो एकदाही ‘किती झाल्या?’ असं म्हणाला नव्हता.

तिने मान वळवली. अण्णा पुसाळकर कोपऱ्यात, खुर्चीवर ताठ बसले होते. नेहमीसारखा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शबनम पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. उजव्या कफवर गंजाचा तांबूस डाग होता.

“अण्णा,” राजसी म्हणाली, “जरा आत येता?”

५

कपाटाच्या खोलीत माठाच्या वासात दोघं समोरासमोर उभी राहिली. राजसीने दार लोटलं.

“पिशवीत आहेत ना?”

अण्णांनी नाही म्हणून पाहिलं नाही. ते हळूच स्टुलावर टेकले. “कधी कळलं?”

“तुम्ही मोजलं नाहीत तेव्हाच कळायला हवं होतं.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला. “कारखान्यात या पेटीला रंगीत चिठ्ठ्या मीच सुरू केल्या. खात्याप्रमाणे रंग. तक्रार कुठून येते ते वरच्यांना कळावं म्हणून. मोठा हुशार समजत होतो स्वतःला. मग एकदा एका फिटरने मॅनेजरला शिवी लिहिली, आणि त्याच्या खात्यात माणसं होती मोजून चार. तेव्हा ती चिठ्ठी मॅनेजरच्या हाती पडू नये म्हणून हा खिळा मी पहिल्यांदा काढला. पुढे बरेचदा काढला. किल्ली मॅनेजरकडे असायची, खिळा माझ्याकडे.”

“आणि तरी आज पुन्हा रंग वापरलेत?”

“सवय गं! सवयीला अक्कल असते का? म्हटलं, घरच्यांना वेगळा मान द्यावा. त्यांचं मत काय असणार हे ठरलेलंच होतं ना. त्यांनी नको म्हणावं, हे स्वप्नातही आलं नव्हतं माझ्या.” त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. “मोजणीला सोपं पडावं म्हणून चहाच्या वेळी पेटी उघडून रंग वेगळे करायला बसलो, आणि हातात निळी आली. नको. मग दुसरी. बाहेर ती पोरं, ऐक त्यांचा आवाज. त्यांच्या हातात हे पडलं असतं तर? बहिणीच्या रक्ताचा सौदा केला म्हणाले असते. पैसे खाल्ले म्हणाले असते. मोरिवलीत राहू दिलं असतं का त्यांना?”

राजसी जिंकली होती, आणि ते सांगायला तोंड उघडायची सोय नव्हती. सांगितलं तर भालेराव घर उघडं पडणार. नाही सांगितलं तर सम्यक उद्या मांडवात, उपाशी, नको असलेल्या फाशीसाठी.

“माझं नाव सांग,” अण्णा म्हणाले. “म्हण की म्हातारा हरला, जळला, चिठ्ठ्या चोरल्या. मी बाहेर हात जोडून कबूल होईन. मतदान रद्द. फक्त निळ्या मला फाडू दे.”

“अण्णा, तुम्ही हरलात हे तरी मान्य आहे ना?” न राहवून तिने विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला तिथल्या तिथे स्वतःची लाज वाटली. “राजसी, तुझे आकडे चालू होते तेव्हा अर्धे लोक मोबाइल बघत होते. तू माझं भाषण ऐकलंस का?”

तिने ऐकलं नव्हतं. ती स्वतःची टिपणं चाळत होती.

“मी शेवटी म्हटलं, ‘त्याच्या आईलाही कळू दे, लेकरू जाणं म्हणजे काय!’ टाळ्यांसाठी ठेवलेलं वाक्य होतं ते. घरी आरशासमोर चारदा म्हटलेलं. मी थांबलो, आणि एक टाळी पडली नाही. हॉल नुसता गप्प. कमलेशची आई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापते. इथल्या निम्म्या बायका त्याच कामाला जातात, तिला ओळखतात. मी त्यांना फाशी मागायला सांगत होतो, आणि त्यांना ती बाई दिसली. तू नाही फिरवलंस लोकांना. मी फिरवलं.”

दार करकरलं. राजसीने दचकून पाहिलं. दारात सम्यक उभा होता. किती वेळ, देव जाणे.

“काका,” त्याने विचारलं, “निळ्या किती निघाल्या?”

अण्णांनी पिशवी पोटाशी ओढली. राजसीच म्हणाली, “दोन.”

“नाही, नाही. एक असेल.” सम्यकने मान हलवली. “नीट बघा. मी एकच टाकली होती.”

६

सम्यकच्या मागून, हॉलमधून, प्रमोदरावांचा आवाज आला.

“दुसरी माझी आहे.”

सम्यक वळला. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. राजसीला वाटलं, आपण इथे असायला नको. पण जायला जागाच नव्हती.

“तुम्ही?” सम्यक म्हणाला. “पप्पा, तुम्ही तर... मी तुमच्यासाठी बसणार होतो मांडवात! तुम्हाला झोप नाय लागत म्हणून. तुम्ही बोलला होता, तो लटकला की मग झोपेन.”

“ते पहिल्या वर्षी बोललो होतो, बाळा. नंतर तू उपोषण धरलंस. तू एवढा पेटलेला, तुला कसं सांगू की माझं मन उठलं यातून? बाप म्हणून कमी पडलो म्हणाला असतास.” प्रमोदरावांनी तोंड पुसलं. “ती बाई कोर्टात आपल्याच बाकावर बसते. दुसरी जागाच नसते तिथं. आज अण्णासाहेब बोलले, तिला कळू दे. मी म्हटलं, नको. कुणालाच नको कळायला. मला माहीत आहे ते काय असतं. वाकून फुली मारली आणि तुझ्याकडे बघायची हिंमत नाय झाली.”

“मी पण नाय बघितलं,” सम्यक म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

दोन वर्षं एका घरात, एका ताटाशेजारी, दोघं एकमेकांच्या भल्यासाठी फाशी फाशी करत राहिले होते. राजसीच्या टिपणांमध्ये जगभरचे दाखले होते, हा नव्हता.

पुष्करही आला होता. त्याचं तोंड उघडंच होतं. “अरे पण सम्या, मांडव! मी बाहेर काय सांगू? पोरं सोडणार नाहीत. मला पण नाय सोडणार.” आणि त्याच्या आवाजातली भीती खरी होती. बॅनर छापणाराही बॅनरच्या मागे अडकला होता.

“काय झालंय काय?” जनाबाई खुर्चीला धरून उठल्या. सुनेच्या माघारी दोन्ही नातवंडं त्यांनी वाढवली होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मनालीने त्यांच्याजवळ बसून, हात हातात घेऊन, सगळं सांगितलं.

“मी हवी लिवलंय,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे, आजी.”

“आज पन हवीच. उद्या पन हवी. माझी पोर काय त्याच्या वाटंत गेली नव्हती. त्याची आय बाकावर बसती, मला बी दिसतं, मी काय आंधळी नाय. तरी पन हवी.” मग त्या लेकाकडे आणि नातवाकडे वळल्या. त्यांच्या तोंडावर संताप होता. “पन तुमी दोगं दोन वरीस माज्याशी खोटं बोलला? घरात? मी येडीवानी म्हनत होते, चला, आपल्या तिगांचं एक तरी मन हाय. त्येच्यावर दिस काढले मी.”

“आई...”

“गप रं. आन तू,” त्यांनी सम्यकच्या दंडाला धरलं, “हाडं राहिलीत नुसती. त्याच्या फाशीपायी माजा नातू मी देनार नाय. येक दिलीय. शटर खोल.”

“आजी, बाहेर खूप गर्दी आहे,” राजसी म्हणाली. “मी सांगते त्यांना. मतदान रद्द झालं म्हणून सांगते. घरच्यांचं नाव नाही येणार.”

“तुमी भाषण क्येलं न्हवं मघा? बास की.”

अण्णा पुढे झाले. पिशवीतून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ओतल्या, निळ्यांसकट. मग शटरचा दांडा धरला. पुष्करने दुसरी बाजू धरली. का धरली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पत्रा कडकडत वर गेला आणि उन्हाचा लोट आत आला.

घोषणा आपोआप थांबल्या. दारात म्हातारी उभी होती. मोबाइल वर झाले.

“जय भीम,” जनाबाई म्हणाल्या. “माझा सम्यक उद्या उपाशी बसनार नाय. कुनी मांडव घातला आसंल तर त्यानं काढावा.”

गर्दीत कुजबुज उठली. मागून कुणीतरी ओरडलं, “आजी, फाशी नको का मग?”

“मला पायजे,” त्या म्हणाल्या. “माज्या ल्येकाला नको. नातवाला बी नको. आमच्यात दोन मतं पडली.”

असं कधी गर्दीला कुणी सांगितलं नव्हतं. शिवी द्यावी की टाळी, कुणाला सुचेना. पुढच्या रांगेतल्या एका पोराने हळूच मोबाइल खाली केला. मग शेजारच्याने. राजसी त्यांचे चेहरे बघत होती, आणि यातले हिरवे ‘नको’ कुणाचे ते ओळखायचा प्रयत्न करत होती. आणि तिला वाटलं, ते एकमेकांकडे बघत तेच ओळखत होते.

“मग घरचं खरं काय धरायचं आम्ही?” तो मागचा पोरगा पुन्हा म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता.

“काय नका धरू,” जनाबाई म्हणाल्या. “आमच्यात भांडान लागायचं हाय आता. लई दिसांनी. त्ये आमचं आमाला करू द्या. तुमी घरी जावा.”

त्या पायरी उतरल्या. गर्दी बाजूला झाली. प्रमोदराव आणि सम्यक मान खाली घालून मागोमाग गेले, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या रिक्षात तिघं दाटीवाटीने बसली. रिक्षा सुरू व्हायच्या आतच म्हातारीचा आवाज चढला, मग प्रमोदरावांचा, मग सम्यकचा, तिघंही एकाच वेळी, मोठमोठ्याने. आणि वळण घेऊन ती दिसेनाशी झाली तरी ते भांडण ऐकू येत होतं.